फौजेचं तेल कुठे वाचतं आणि कुठे वाचत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सैन्य सौरऊर्जेवर जाणार, रणगाडे बॅटरीवर धावणार, असं काही ना काही दर दोन महिन्यांनी वाचायला मिळतं. त्यातलं बरंचसं अर्धं खरं असतं. सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं खाली दिली आहेत. उदाहरणं शक्यतो लडाख-सिक्कीमची घेतली आहेत, कारण इंधनाचा प्रश्न तिथे सगळ्यात टोकदार आहे.

सैन्याला तेलाची एवढी सवय लागली कशी?

आरमारापासून. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश आरमार वेल्सच्या कोळशावर चालायचं. कोळसा घरचा होता, पण तो भरायला बंदरात यावं लागे, फावड्याने भट्टीत ढकलायला माणसं लागत आणि धुराने जहाज लांबूनच दिसे. तेलाला हे काही नको होतं, शिवाय ते भर समुद्रात नळीने भरता येई. १९१२ मध्ये ब्रिटनने फक्त तेलावर चालणाऱ्या क्वीन एलिझाबेथ वर्गाच्या युद्धनौका मागवल्या. १९१४ मध्ये सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचा ५१ टक्के हिस्सा घेतला. जहाजांचा वेग वाढला, पण घरचं इंधन सोडून इराणच्या विहिरीवर अवलंबून राहायची पाळी आली. तो सौदा आजही सगळ्या फौजांच्या मानेवर आहे.

तेल तुटलं म्हणून युद्ध हरल्याची खरी उदाहरणं आहेत का?

आहेत. जपानचं सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून यायचं. ऑगस्ट १९४१ मध्ये ते बंद झालं आणि डिसेंबरात पर्ल हार्बर झालं. डच ईस्ट इंडीजच्या (आजच्या इंडोनेशियाच्या) तेलविहिरी हे जपानी मोहिमेचं मोठं लक्ष्य होतं. जर्मनीने कोळशापासून कृत्रिम पेट्रोल बनवण्याचे मोठे कारखाने उभारले होते. मे १९४४ पासून दोस्त राष्ट्रांनी त्यांच्यावर बॉम्ब टाकायला सुरुवात केली आणि सप्टेंबरपर्यंत विमानाच्या पेट्रोलचं उत्पादन एप्रिलच्या एक दशांशही उरलं नाही. विमानं बनत होती, पण उडवायला आणि वैमानिक शिकवायला इंधन नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण १९७१ चं. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. ८ डिसेंबरच्या रात्री 'विनाश'ने पुन्हा हल्ला केला, तेव्हा कराची बंदरातल्या केमारीच्या तेलटाक्यांना लागलेली आग बराच काळ विझली नाही. गंमत म्हणजे या छोट्या रशियन नौकांच्या स्वतःच्या टाकीत एवढं अंतर गाठण्याइतकं तेल मावत नसे. दुसऱ्या जहाजाने ओढत नेणं आणि वाटेत इंधन भरणं हा योजनेचा भागच होता. शत्रूचं तेल जाळायला निघालेल्यांनाही आधी आपल्या तेलाचा हिशेब करावा लागला.

मग रणगाडा बॅटरीवर का चालवत नाहीत?

आकडे मांडून बघा. एक लीटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट, म्हणजे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते. टी-९० च्या आतल्या टाक्यांत सुमारे १,२०० लीटर मावतं, म्हणजे १२,००० युनिट. इंजिन त्यातलं ३५ ते ४० टक्केच कामाला लावतं, बाकी उष्णता होऊन जातं. म्हणजे हाती आले सुमारे ४,५०० युनिट. इलेक्ट्रिक मोटर जास्त कार्यक्षम असते, पण तेवढ्या कामाला ५,००० युनिटची बॅटरी तरी हवीच. चांगला लिथियम पॅक किलोमागे ०.२ युनिट देतो. म्हणजे २५ टन बॅटरी, आणि अख्खा टी-९० भरतो साडेशेहेचाळीस टन.

शिवाय डिझेल संपलं तर टँकर दहा-पंधरा मिनिटांत टाकी भरतो. ५,००० युनिट एका तासात भरायचे तर ५ मेगावॅटची जोडणी हवी. ती राजस्थानच्या वाळवंटात कोण आणणार?

संकरित, म्हणजे इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या, रणगाड्याचं गणित मात्र बसतं. रणगाड्याचा बराच वेळ धावण्यात नव्हे, उभं राहून टेहळणी करण्यात जातो. तेव्हा रेडिओ, थर्मल कॅमेरा आणि बुरूज फिरवणारी यंत्रणा यांना थोडीच वीज लागते, पण त्यासाठी हजार अश्वशक्तीचं इंजिन चालू ठेवावं लागतं. अमेरिकेच्या एब्रम्सचं टर्बाइन इंजिन तर जागेवर उभं असताना तासाला ३५-४० लीटर पितं. उभ्या वेळेपुरती बॅटरी किंवा छोटा सहायक जनरेटर दिला की बचत तिथेच होते. २०२२ मध्ये दाखवलेल्या 'एब्रम्स एक्स' या प्रायोगिक संकरित रणगाड्याच्या कंपनीने ५० टक्के इंधन वाचेल असा दावा केला, तो याच हिशेबावर.

लढाऊ विमानांचं काय?

ती द्रव इंधनावरच उडणार. पुण्याच्या लोहगाव तळावरून उडणाऱ्या सुखोई-३० एमकेआयच्या पोटात साडेनऊ टनांच्या वर इंधन मावतं. तेवढी ऊर्जा बॅटरीत साठवायला पाचशे टनांहून जास्त बॅटरी लागेल. इथे पर्याय एकच, त्याच टाकीत चालणारं वेगळ्या मुळाचं इंधन.

जैवइंधनावर वायुदलाची विमानं उडाली म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. १७ डिसेंबर २०१८ रोजी एएन-३२ मालवाहू विमान १० टक्के जैवइंधन मिसळून उडालं. हे इंधन डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने छत्तीसगडच्या मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) तेलापासून बनवलं होतं. २०१९ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातही ते वापरलं आणि जानेवारी २०२० मध्ये असंच विमान लेहला उतरून परत उडालं. लेहचं महत्त्व असं की तिथे हवा विरळ आणि थंडी कडक, त्यामुळे इंजिनाची खरी परीक्षा होते.

शंभर टक्के का नाही, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. वनस्पती तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेल्या इंधनात ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझिनच्या जातीचे, घटक जवळजवळ नसतात. जुन्या विमानांच्या इंधनवाहिन्यांमधली रबरी सीलं वर्षानुवर्षं याच घटकांनी फुगून घट्ट बसलेली असतात. ते अचानक बंद झाले की सीलं आकसतात आणि सांध्यांतून गळती सुरू होते. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकात अशा मिश्रणाला बहुतेक प्रकारांत ५० टक्क्यांची मर्यादा आहे आणि तयार मिश्रणात किमान ८ टक्के ॲरोमॅटिक असावे लागतात.

खरी अडचण तेल कुठून आणायचं ही आहे. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय मोगली एरंड भरघोस येईल ही वीस वर्षांपूर्वीची आशा शेतात फोल ठरली. झाड जगतं, पण बिया धरायला त्यालाही पाणी आणि खत लागतं. किमतीचा धडा अमेरिकी नौदलाने घेतला. २०१२ च्या सरावासाठी त्यांनी साडेचार लाख गॅलन जैवइंधन १.२ कोटी डॉलरला घेतलं, म्हणजे गॅलनला सुमारे २६ डॉलर. अमेरिकी संसदेत आरडाओरड झाली. २०१६ पर्यंत भाव उतरला, पण तेव्हा मिश्रणात जैवइंधन १० टक्केच होतं.

साधं बायोडिझेल ट्रकमध्ये घातलं तर?

पाच टक्क्यांपर्यंत अडत नाही. जास्त घातलं तर साठवणुकीत घोळ होतो. सैन्याचा साठा महिनोन् महिने पडून असतो. बायोडिझेल हवेतला ऑक्सिजन घेऊन चिकट होतं, पाणी ओढून घेतं, आणि त्या पाण्यात शेवाळासारखा जीवाणूंचा थर धरतो. पहिला बळी फिल्टरचा. थंडीत ते साध्या डिझेलच्या आधी गोठतं, हे वेगळंच.

डिझेल गोठतं म्हणजे नेमकं काय होतं?

डिझेलमध्ये मेण असतं. थंडी वाढली की त्याचे बारीक स्फटिक होतात. टाकीतलं डिझेल अजून वाहत असतं, पण फिल्टरच्या जाळीवर मेण बसतं आणि इंजिन खोकत बंद पडतं. म्हणजे डिझेल पूर्ण थिजण्याच्या बऱ्याच आधी गाडी थांबलेली असते. मैदानी भागातल्या हिवाळी डिझेललाही शून्याच्या वर काही अंशांपर्यंतच फिल्टरमधून जाण्याची हमी असते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. ते पानिपत रिफायनरीत बनतं आणि उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. त्याआधी डिझेलमध्ये रॉकेल मिसळायची पद्धत होती. त्याने मेण पातळ होतं खरं, पण रॉकेलला वंगण कमी, त्यामुळे इंजेक्शन पंप झिजतो. टाकीखाली शेकोटी पेटवण्याचा उद्योग चालक करतात, त्याबद्दल काय बोलावं!

पाण्याचं दुखणं याहून जास्त वेळा सापडतं. अर्ध्या भरलेल्या बॅरलमध्ये दिवस-रात्रीच्या फरकाने दव धरतं, ते तळाला जमतं आणि रात्री नळीत बर्फ होऊन अडकतं. बॅरल भरलेले ठेवा. आडवे ठेवायचे तर दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, इंधनाखाली राहतील असे ठेवा, म्हणजे बुचातून ओल आत शिरत नाही. उभे ठेवावे लागले तर किंचित तिरके करा, माथ्यावर साचलेलं पाणी बुचाशी थांबता कामा नये.

मग सैन्यात तेल वाचवायची खरी जागा कोणती?

छावणी. लढणारी वाहनं सोडा, चौकीवरचा जनरेटर पकडा.

आमचं म्हणणं एवढंच आहे की हिशेब रुपयात नव्हे, किलोत करा. दिल्लीतला लीटर आणि साडेचार हजार मीटरवरचा लीटर एकच नसतो. टँकर, मग छोटा ट्रक, मग खेचर किंवा हेलिकॉप्टर असा त्याचा प्रवास असतो आणि प्रत्येक टप्पा वाटेत स्वतः इंधन पितो. अफगाणिस्तानातल्या दुर्गम चौकीवर एक गॅलन पोहोचवायला ४०० डॉलरपर्यंत खर्च येतो, असं २००९ मध्ये अमेरिकी संसदेला सांगितलं गेलं होतं. माणसांचा हिशेब वेगळा. अमेरिकी लष्कराच्याच एका अभ्यासात २००७ साली अफगाणिस्तानात इंधनाच्या दर २४ काफिल्यांमागे एक जण मृत किंवा जखमी झाल्याचं आढळलं.

एक चौकी धरू. सरासरी मागणी १० किलोवॅट, दिवसाला २४० युनिट. जनरेटर ६२.५ केव्हीएचा, म्हणजे ५० किलोवॅटचा, कारण मागवताना प्रत्येकाने आपली 'थोडी जास्त' भर घातलेली असते. तो २० टक्के भारावर रात्रंदिवस घरघरतो आणि तासाला सुमारे ५ लीटर खातो. दिवसाला १२० लीटर, म्हणजे २० लीटरचे सहा जेरीकॅन. भरलेला जेरीकॅन २१ किलोच्या आसपास भरतो आणि खेचर साधारण ७० किलो वाहतं. म्हणजे नुसत्या विजेसाठी रोज दोन खेचरं.

पहिली पायरी, एकही पॅनेल न लावता: १५० युनिटची बॅटरी बसवा. जनरेटर दिवसात दहा-अकरा तास चांगल्या भारावर चालवून बॅटरी भरा आणि उरलेला वेळ बंद ठेवा. खप ८५ लीटरवर येतो. दुसरी पायरी, ४० किलोवॅट पॅनेल: ५५० वॅटची ७३ पॅनेलं, सुमारे १९० चौरस मीटर. स्वच्छ उन्हाच्या दिवसात ती १६० युनिट देतात आणि खप ३० लीटरच्या आसपास उतरतो.

आता वजन. पॅनेलं दोन टन, बॅटरी सव्वा टन, सांगाडा आणि केबल धरून सगळं मिळून पाच टन. रोज वाचलेले ९० लीटर म्हणजे डब्यांसकट ९५ किलो. म्हणजे वर चढवलेलं वजन दोन महिन्यांच्या आत फिटतं. रुपयात हा प्रकल्प महाग वाटेल, किलोत तो स्वस्त आहे. रिकामे डबे परत खाली आणायची हमाली यात धरलेलीच नाही.

जनरेटर कमी भारावर चालवला तर बिघडतं काय?

सिलिंडर पुरेसा तापत नाही, इंधन पूर्ण जळत नाही, आणि न जळलेलं डिझेल काजळीसह धुराड्यात काळ्या चिकट ओघळासारखं साचतं. कारागीर म्हणतात, जनरेटर 'तेल ओकतोय'. सतत ३० टक्क्यांच्या खाली ठेवला की इंजेक्टर आणि पिस्टनच्या रिंगा लवकर जातात. उंचीवर हवा विरळ असल्याने त्याची ताकदही घटते. म्हणून कागदावरचे ५० किलोवॅट साडेचार हजार मीटरवर ३५ च्या आसपास धरावेत. एका मोठ्या यंत्राऐवजी दोन लहान घ्या, रात्री एक बंद ठेवता येतं.

थंडीत सौरसंच कुठे फसतो?

तीन जागी, आणि तिन्ही आधी कळण्यासारख्या आहेत.

पहिली जागा व्होल्टेजची. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज वाढतो, अंशाला साधारण ०.२७ ते ०.३ टक्के. ५० व्होल्टची २० पॅनेलं ओळीत जोडली तर २५ अंशांना १,००० व्होल्ट होतात. उणे ३० च्या सकाळी पहिलं ऊन पडताच तेच सुमारे १,१५० होतात. इन्व्हर्टरची मर्यादा १,१०० असेल तर तो त्या सकाळीच जातो. अशा ठिकाणी ओळीत १८ च्या वर जाऊ नका. मैदानातला आराखडा जसाच्या तसा वर नेला की हेच घडतं.

दुसरी बॅटरीची. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर धातुरूप लिथियम इलेक्ट्रोडवर जमतं आणि क्षमता कायमची जाते. वीज काढून घेणं चालतं, भरणं नाही. म्हणून बॅटरी जमिनीत किंवा उष्णतारोधक खोलीत ठेवा आणि सकाळची पहिली वीज बॅटरीच्या हीटरला द्या. शिसं-आम्लाची बॅटरी रिकामी असताना उणे दहाच्या आसपासच गोठून फुटते.

तिसरी जागा बर्फाची. लेहच्या अक्षांशावर हिवाळ्यात पॅनेलं ५० ते ६० अंश तिरकी हवीत. ऊन नीट मिळतं आणि बर्फही आपसूक घसरतो. खालची कड जमिनीपासून मीटरभर वर ठेवा, नाहीतर घसरलेल्या बर्फाचा ढीग खालच्या ओळीला सावली देतो.

सिक्कीममधल्या प्रकल्पात आयआयटी मुंबईचं नाव येतं, ते काय आहे?

एप्रिल २०२२ मध्ये उत्तर सिक्कीममध्ये १६,००० फुटांवर सैन्याचा ५६ केव्हीएचा सौर प्रकल्प सुरू झाला. तो आयआयटी मुंबईच्या सहकार्याने झाला आणि त्यात व्हॅनेडियम या धातूवर आधारित बॅटरी आहे. या प्रकारात ऊर्जा टाकीतल्या द्रावणात साठते. साठा वाढवायचा तर टाकी मोठी करायची, आणि ती पेट घेत नाही. वजन आणि जागा मात्र लिथियमपेक्षा बरीच जास्त लागते, म्हणून फिरत्या तुकडीला ती निरुपयोगी आहे. कायमच्या चौकीला शोभते.

लडाखमधल्या चुशुलच्या हायड्रोजन प्रकल्पाचं काय?

सरकारी वीज कंपनी एनटीपीसी आणि सैन्य यांनी मिळून तिथे २०० किलोवॅटचा सौर-हायड्रोजन मायक्रोग्रिड, म्हणजे छोटं स्वतंत्र वीजजाळं, उभारायला घेतला. २०२४ मध्ये पायाभरणी झाली. दिवसा उन्हाने पाण्यापासून हायड्रोजन काढायचा, रात्री इंधनघटातून (फ्युएल सेलमधून) वीज घ्यायची. जाऊन-येऊन निम्म्याहून जास्त ऊर्जा वाया जाते. तरी ढगाळ आठवडा निभवायचा असेल तर हायड्रोजनची टाकी बॅटरीपेक्षा परवडते. रोजच्या रात्रीसाठी बॅटरीच बरी, असं आमचं मत आहे.

बुखारी, म्हणजे तंबू-बंकर तापवायची शेगडी, विजेवर चालवता येईल का?

नको. एक लीटर रॉकेल सुमारे १० युनिट उष्णता देतं. तेवढी उष्णता रात्री बॅटरीतून काढायची तर ८० किलो बॅटरी लागते. उष्णता भिंतीत, मातीत, पाण्यात साठवा. हजार लीटर पाणी ३० अंशांनी तापवलं की ३५ युनिट साठतात आणि टाकी पत्र्याची असली तरी चालते. सोनम वांगचुक यांनी २०२१ मध्ये दहा जवानांसाठी केलेला तंबू याच तत्त्वावर आहे. बाहेर उणे १४ असताना रात्री दहाला आत १५ अंश होते आणि त्याचा कुठलाही सुटा भाग ३० किलोहून जड नाही. डीआरडीओची 'हिम तापक' बुखारी रॉकेलवरच चालते, पण खप निम्म्यावर आणते, असा संस्थेचा दावा आहे. बंद बंकरमध्ये जुन्या बुखारीचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, त्यामुळे नव्या बुखारीचा धूर बाहेर नेणारा पाइप तिच्या बचतीइतकाच महत्त्वाचा.

अणुऊर्जा हा उपाय नाही का?

पाणबुडीसाठी आहे. अरिहंतची ८३ मेगावॅटची अणुभट्टी तिला महिनोन् महिने पाण्याखाली ठेवू शकते, तिथे बंधन अन्नाचं आणि माणसांचं असतं. विमानवाहू नौकेची गोष्ट निराळी. अमेरिकेची अणुशक्तीवरची विमानवाहू नौकाही विमानांच्या इंधनासाठी सतत टँकर जहाजाची वाट बघते, कारण भट्टी जहाज हलवते, विमान नाही. आपली विक्रांत चार गॅस टर्बाइनांवर चालते.

देशाचा राखीव साठा किती दिवसांचा?

साठवण क्षमता अशी: विशाखापट्टणम १३.३ लाख टन, मंगळूर १५ लाख, पादूर २५ लाख. एकूण ५३.३ लाख टन कच्चं तेल, म्हणजे सगळं पूर्ण भरलेलं असेल तर देशाची साडेनऊ दिवसांची गरज. तेल कंपन्यांचा साठा वेगळा. कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून जास्त गरज आपण आयातीवर भागवतो, म्हणून जून २०१९ पासून नौदलाला 'ऑपरेशन संकल्प'खाली आखातात टँकरांची सोबत करावी लागली. तेल मिळवून देण्यासाठीही तेल जळतंच.

सौरऊर्जेवर गेलो की परावलंबन संपलं, असं म्हणता येईल?

नाही. आखाताच्या जागी चीन येईल. लिथियम सेल, सौर सेलचे वेफर (पातळ चकत्या), मोटरचे दुर्मीळ मृदा (रेअर अर्थ) चुंबक, सगळ्यांचा मोठा पुरवठा तिकडूनच होतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली आणि आपल्या वाहन उद्योगाची पळापळ झाली. एक फरक मात्र मोठा आहे. तेल रोज लागतं. पॅनेल एकदा आलं की वीस-पंचवीस वर्षं चालतं, पुरवठा तुटला तरी उद्या सकाळी दिवा लागतो. इन्व्हर्टरचं तसं नाही. तो दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो आणि त्यातलं सॉफ्टवेअर परदेशातून इंटरनेटवर बदलता येत असेल, तर तो चौकीवर लावूच नये. दूरस्थ जोडणीचा अँटेना आणि सिम काढूनच वर पाठवा.

पॅनेलं शत्रूला दिसत नाहीत का?

दिसतात. ड्रोनला तर हमखास. पण जनरेटरही लपत नाही. रात्री डोंगरात त्याचा आवाज लांबवर जातो आणि गरम धुराडं थर्मल कॅमेऱ्यात ठळक चमकतं. पुढच्या चौकीवर परावर्तन कमी करणारी काच घ्या, पॅनेलं एका जागी न मांडता तीन-चार गटांत विखरा आणि प्रत्येक गटाला वेगळा इन्व्हर्टर द्या. एखादा गोळा पडला तर एक गट जातो. डिझेलच्या साठ्यावर तोच गोळा पडला तर सगळंच जातं, म्हणून बॅरलही विखरून, मातीच्या बांधाआड ठेवायचे.